आवाजाची दुरुस्ती

गुरुवारी सकाळी भालचंद्र सोनटक्के यांनी मिठाच्या पाण्याच्या तीन गुळण्या केल्या, टॉवेलला तोंड पुसलं आणि "झालं, आता कोकिळा," असं म्हणत ते चहाला बसले. म्हणायला गेले खरे, पण शेवटचं अक्षर घशाबाहेर आलंच नाही, नुसती हवा आली.

"ऐकलंत?" कुमुदताईंनी तव्यावरची पोळी तशीच ठेवून मान वळवली. "किती महिने सांगतेय, कुणाला तरी घसा दाखवा."

"मास्तराचा घसा आहे. छत्तीस वर्षं वापरलाय, थोडा झिजणारच."

"झिजला नाही, बसलाय. परवा फोनवर वन्संनी तुम्हाला ओळखलं नाही."

सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि तो ताटाशेजारी ठेवला. "हे बघ. कालचा सकाळचा तास, एक्क्याऐंशी. वर्गाच्या छतात बारा मायक्रोफोन आहेत. ते खोटं बोलतात आणि तू खरं बोलतेस होय?"

"बारा मायक्रोफोन काही तुमच्याशी संसार करत नाहीत."

"शलाका, सांग बाई तुझ्या आईला. मशीन तुझं आहे."

शलाका टोस्टला लोणी लावत होती. तिने ते टोस्टच्या चारही कोपऱ्यांपर्यंत नीट पसरवलं. "अंक चांगला आहे, आई," ती म्हणाली.

त्यात खोटं असं काहीच नव्हतं. कुमुदताई "मग असेल" एवढंच बोलल्या आणि पोळीकडे वळल्या. पोळी एका बाजूने करपली होती.

नाशिकबाहेर, धरणाच्या वरच्या अंगाला टेकडीवर ही व्यवस्थापन संस्था होती आणि तिच्याच आवारातल्या प्राध्यापकांच्या घरांत सोनटक्के राहत. सर पहिल्या वर्षाला निर्णयशास्त्र शिकवत. शलाका त्याच संस्थेत संशोधक होती. घराबाहेर पडलं की ती त्यांना 'सर' म्हणायची आणि ते तिला 'मॅडम' म्हणायचे. दोघांनाही त्याची गंमत वाटे. त्या दिवशीही फाटकापाशी ते म्हणाले, "चला मॅडम, बळी द्यायची वेळ झाली."

बळी हा मुलांचा शब्द. सर एखाद्या खऱ्याखुऱ्या उद्योगाची हकिकत आदल्या दिवशी वाचायला देत आणि तासाच्या सुरुवातीला न सांगता-सवरता एकाला उभं करत. त्याने सगळा पेच मांडायचा आणि निर्णय घ्यायचा. पहिल्या वर्षाची मुलं सकाळी जेवणघरात एकमेकांना विचारत, "आज कोणाचा?" सर स्वतःचं मत कधीच देत नसत. प्रश्न टाकायचा आणि गप्प उभं राहायचं, ही त्यांची रीत. ती शांतता संस्थेत प्रसिद्ध होती. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना बजावून ठेवत की मान खाली घालू नका, घसा खाकरू नका, जो आधी हलतो तो हरतो. एकदा कोणीतरी घड्याळ लावून मोजलं होतं. सव्वीस सेकंद.

त्या गुरुवारी शलाका मागच्या बाकावर जाऊन बसली. हकिकत पिंपळगावच्या एका बेदाणा कारखान्याची होती. परभणीची रेवा गिते नावाची मुलगी उभी होती आणि मालकाने यंत्रं घ्यावीत की माणसं ठेवावीत, हे घाम पुसत सांगत होती.

"माणसं ठेवा म्हणता. का?"

"सर, माणसं... चुकली तर सांगतात तरी."

वर्ग हसला. सरही हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते पुढचा प्रश्न विचारायला वळले तेव्हा शलाकाला तो ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागलं. तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळा वर्गच पुढे वाकून बसला होता. सरांचा आवाज कमी झाल्यापासून मुलं अशीच बसत, आणि छतातली यंत्रणा त्याची नोंद 'एकाग्रता' या रकान्यात करत होती.

जेवताना ते फार खुशीत होते. "चार महिन्यांत माझा अंक चोवीसने वाढला. काय केलं मी? काही नाही! तीच टिपणं, तेच विनोद. म्हातारपणी सूर लागला म्हणायचं."

"हं," शलाका म्हणाली.

"मॅडम, कौतुक करायला पैसे पडत नाहीत."

तिला वाटलं, आत्ता सांगावं. समोर वरणभात होता, उन्हं होती, बाजूच्या टेबलावर कोणी नव्हतं. पण त्यांनी लोणच्याची फोड इतक्या समाधानाने भातात कालवली, की ती म्हणाली, "अभिनंदन, सर."

*

ती काय सांगणार होती, ते समजायला छतातल्या त्या यंत्रणेबद्दल थोडं सांगायला हवं.

कागदोपत्री ती 'अध्यापन-मापन प्रणाली' होती. मुलं तिला नुसतं 'कान' म्हणत. तीन वर्षांपूर्वी मान्यता देणाऱ्या मंडळाने ती सगळ्या व्यवस्थापन संस्थांना सक्तीची केली. शिक्षकाचा आवाज किती स्थिर आहे, वाक्य संपताना तो पडतो का, प्रश्नानंतर तो किती थांबतो, तेव्हा मुलं त्याच्याकडे बघतात की खिडकीकडे, हे सगळं मोजून कान प्रत्येक तासाला शंभरपैकी एक अंक देई. सलग चार आठवडे अंक साठच्या खाली राहिला तर तीन पायऱ्या होत्या. पहिली, आवारातल्या दवाखान्यात आवाजाची आणि तब्येतीची तपासणी. दुसरी, प्रशिक्षण. तिसरी, पहिल्या वर्षाचा वर्ग काढून घेणं. पहिल्या पायरीचं पत्र आलं तरी लोक तिसरीच वाचत. ज्याला पत्र येई तो दवाखान्यात न जाता रजेवर जाई.

जूनच्या अखेरीला काही वर्गांत नवं छत बसवलं आणि अंक घसरू लागले. दोष छताचा होता. खोलीचा घुमारा हिशोबातून वजा करणारी दुरुस्ती लिहायचं काम शलाकाकडे आलं. ती लिहिण्यासाठी तिने सगळ्यांचे अंक उघडले, आणि वडिलांचा पाहिला. सत्तावन्न. सलग दोन आठवडे. त्यांचा वर्ग जुन्या इमारतीत होता. तिथे छत बदललेलंच नव्हतं.

आणखी दोन आठवड्यांनी पत्र गेलं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पहिल्या वर्षाचा वर्ग गेला तर या माणसाजवळ काय उरेल, हे तिने मनात पाहिलं आणि ते तिला बघवलं नाही.

मग तिने दुरुस्तीत एक ओळ जास्त घातली. शिक्षकाचा आवाज सर्वांसाठी ठरलेल्या एका मापाशी ताडायचा नाही, त्याच्याच मागच्या तीस तासांशी ताडायचा. कारणही तिने दिलं, आणि ते खोटं नव्हतं. कोणाचा आवाज मुळातच जाड असतो, कोणाचा पातळ. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे. समितीने माना डोलावल्या. त्या ओळीवर शलाकाने निबंध लिहिला, तो स्वीकारला गेला.

पण त्या ओळीत एक गोम होती आणि ती शलाकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून मग काटा शून्यावर आणला, तर आपण बारीक होतोय हे माणसाला कधीच कळणार नाही. हळूहळू होणारा कोणताही बदल त्या ओळीत विरघळून जात होता. तिला तेच हवं होतं.

*

शुक्रवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी सरांनी रेवा गितेला पुन्हा उभं केलं. एकच प्रश्न विचारला आणि टेबलावर हात टेकून ते गप्प झाले.

रेवा उत्तर शोधत होती. बाकी एकसष्ट मुलं सरांकडे बघत होती. कोणी मान खाली घातली नाही, कोणी घसा खाकरला नाही. सर हळूच खुर्चीत बसले, तेही सगळ्यांना नव्या युक्तीसारखं वाटलं. चाळीस सेकंद वर्ग तसाच बसून होता. मग त्यांचं डोकं टेबलावर टेकलं.

शलाका पोचली तोवर त्यांना रुग्णवाहिकेत घातलं होतं. ते रुग्णालयापर्यंत पोचले नाहीत. म्हणजे गाडी पोचली.

तिथल्या लांबलचक बाकावर तिच्या हातात त्यांचा मोबाइल होता. तो थरथरला. 'आजचा अंक : त्र्याण्णव. प्रभावी विराम. आपली आतापर्यंतची सर्वोत्तम कामगिरी.' तिने तो उलटा करून मांडीवर ठेवला, आईला दिसू नये म्हणून.

डॉक्टर पाटणकर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. छातीतली मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, फुगत गेली होती आणि आज फुटली. "दुखत होतं का त्यांना?"

"नाही," कुमुदताई म्हणाल्या.

"दम? खोकला?" त्यांनी समोरचा कागद जवळ ओढला. "आवाज बसला होता का?"

कुमुदताईंनी शलाकाकडे पाहिलं. "मार्चपासून."

डॉक्टरांनी समोरच्या कागदावर चित्र काढायला घेतलं, सवयीने काढतात तसं. आवाजाच्या पडद्यांना हलवणाऱ्या दोन नसा असतात. उजवी वरच्यावर वळते. डावी मात्र गळ्यातून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यापर्यंत येते. सगळ्याच माणसांत ती अशी असते. ती कमान फुगली की नस ताणली जाते, डावा पडदा ढिला पडतो आणि आवाज बसतो. घशात काही बिघडलेलं नसतं. "फार थोड्या लोकांत हे असं आधी समजतं. समजलं तर छातीचा फोटो काढला जातो, आणि मग शस्त्रक्रिया करता येते."

"आणि ते चाळीस सेकंद?" शलाकाने विचारलं. "मुलं थांबली नसती तर?"

"त्याने काही झालं नसतं. मुलांना सांगा." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "वेळ होता तो त्याच्या आधी. आठ महिने."

*

दिवसकार्य झाल्यावर शलाका कामावर गेली. दार लावून तिने मार्चपासूनच्या नोंदी काढल्या आणि आपली ओळ वगळून वडिलांचा आलेख पुन्हा आखला.

दुरुस्त केलेली रेघ सरळ, जरा चढतीच होती. कच्ची रेघ मार्चमध्ये थोडी वाकली होती आणि मग जिना उतरावा तशी उतरत गेली होती. यंत्राने सगळं ऐकलं होतं. दर आठवड्याला, दशांश चिन्हापर्यंत. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी सलग चार आठवडे पुरे झाले असते आणि पहिल्या पायरीचं पत्र घरी आलं असतं. दुरुस्ती लागू झाली होती त्याच्या आधीच्या शुक्रवारी.

तिने जुलैतला एक तास लावला आणि मग ऑक्टोबरमधला. ऑक्टोबरमधल्या तासात मुलांच्या हसण्यामागे वडिलांचा आवाज शोधावा लागत होता. तिने ध्वनिमुद्रण बंद केलं.

रेवा गिते तिथेच भेटायला आली. दारातच उभी राहिली. "मॅडम, मी उत्तर दिलं असतं तर... मला येत होतं. चुकेल म्हणून थांबले."

"डॉक्टर म्हणाले, त्याने काही फरक पडला नसता."

"नक्की?"

"नक्की."

मुलीचा चेहरा इतका सैल पडला की शलाकाला तिचा हेवा वाटला.

संचालक दळवी मॅडमनी स्वतःहून तिला बोलावून घेतलं. चहा मागवला. त्या वाईट बाई नव्हत्या. स्मशानातही शेवटपर्यंत थांबल्या होत्या. "दोन गोष्टी सांगायच्यात. तुझी दुरुस्ती त्रेचाळीस संस्थांनी मागितलीय. आणि आपल्या समितीने ठरवलंय, तिला सरांचं नाव द्यायचं. सोनटक्के दुरुस्ती."

शलाकाने आलेख त्यांच्यासमोर ठेवला आणि ओळीबद्दल सांगितलं. का घातली, तेही सांगितलं. दळवी मॅडमनी चहाचा कप बाजूला सारला आणि दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"यंत्र डॉक्टर नाही, शलाका."

"डॉक्टरकडे पाठवणारं होतं. पहिली पायरी तीच होती."

"त्या पायरीवरून आजवर एक तरी माणूस दवाखान्यात गेलाय का?"

"बाबा गेले असते. शिव्या घालत गेले असते, पण नियमाचं पत्र म्हटल्यावर गेले असते."

दळवी मॅडमना ते पटलं होतं, म्हणूनच त्या त्यावर बोलल्या नाहीत. "ही ओळ काढली तर फक्त आपल्याकडे नऊ जण साठच्या खाली जातात. मी पाहिलंय. मान्यतेची तपासणी फेब्रुवारीत आहे."

"त्या नऊ जणांपैकी कोणाला काय झालंय, आपल्याला माहीत नाही."

"त्यांना विचार. ओळ काढू का म्हणून विचार त्यांना."

तिने खरंच विचारलं. नऊही जणांना पत्र लिहिलं, ओळ का घातली तेही कळवलं, प्रत्येकाची कच्ची रेघ सोबत जोडली, एकदा तपासून घ्या म्हणून विनवलं. सात जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने रेघ परत पाठवली आणि ही गोपनीय माहिती कोणाच्या परवानगीने काढली अशी विचारणा केली. एकाने हाताने चिठ्ठी लिहून तिच्या टेबलावर ठेवली. 'माझी दोनच वर्षं राहिली आहेत. तुमच्या वडिलांमुळे आम्ही टिकलो. कृपा करून गप्प बसा.'

दुरुस्ती त्रेचाळीस संस्थांत गेली. नाव बदलावं अशी विनंती शलाकाने लेखी केली. समितीने तिची नोंद घेतली, म्हणजे कागद फायलीत लागला.

*

घरी येणाऱ्या प्रत्येकाला कुमुदताई एकच गोष्ट सांगत. "मी जोर करायला हवा होता. म्हणायची मी, दाखवा म्हणून. पण ते अंक दाखवायचे आणि मी गप्प बसायची." येणारी माणसं म्हणत, तुमचा काय दोष. त्या मान हलवत, आणि पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगत. शलाका पाण्याचे पेले उचलून आत जायची.

हळूहळू माणसं येईनाशी झाली. मग कुमुदताई ते सांगेनाशा झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं. त्या जेवायला बसत आणि दोन घासांनी उठत. साडी नेसताना त्यांच्या निऱ्या हातात मावेनात, इतक्या त्या वाळल्या. मोठ्या आवाजातलं काही त्यांना सोसेना. मिक्सरसुद्धा.

डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, त्या सरांच्या टेबलावरच्या उत्तरपत्रिका आवरत होत्या. बासष्ट होत्या. एकवीस तपासलेल्या, बाकीच्या कोऱ्या शेऱ्याच्या. संस्थेने परत मागितल्या होत्या. शलाका खाली बसून गठ्ठे बांधत होती.

"तुला एक सांगायचं राहिलं," कुमुदताई म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही."

"काय?"

"ऑगस्टमध्ये मी कान तपासून आले. गावात, मेनरोडच्या मागे ते कानाचे डॉक्टर आहेत ना, तिथे. भाजी आणायला जाते म्हणून गेले." त्यांनी एक उत्तरपत्रिका उचलून तिच्या कडा जुळवल्या. "मला वाटलं, मलाच कमी ऐकू यायला लागलंय. ह्यांचा आवाज मला रोज लहान लहान ऐकू यायचा, आणि ते मशीन रोज म्हणायचं की उत्तम आहे. मग बिघाड माझ्यातच असणार ना? एवढी बारा बारा यंत्रं कशी चुकतील."

शलाकाचा हात सुतळीवर थांबला.

"त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला लावलं, बारीक बारीक आवाज ऐकवले. सगळे ऐकू आले मला. डॉक्टर म्हणाले, काकू, तुमचे कान विशीतल्या मुलीसारखे आहेत." त्या किंचित हसल्या. "मी खूश होऊन घरी आले. कोथिंबीर विसरले म्हणून ह्यांची बोलणी खाल्ली. आणि तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही, की कान जर चांगले आहेत, तर मग जे ऐकू येतंय ते खरं असेल. इतकी कशी गं मी मूर्ख? पस्तीस वर्षं ज्या माणसाचा आवाज ऐकला, त्याच्याबद्दल मी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही. त्यांना मी घालवलं, शलाका. दुसऱ्या कुणी नाही."

"आई, असं नाही."

"तू म्हणणारच. तू मुलगी आहेस माझी."

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. शलाकाने वाट पाहिली. फाटक वाजलं नाही, कोणी आलं नाही. आईने पुढची उत्तरपत्रिका उचलली. तिच्या हातून कागदाच्या कडा काही केल्या जुळत नव्हत्या.

शलाकाने त्या हातांतून कागद काढून घेतला.

"आई, माझ्याकडे बघ. तुझं बरोबर होतं. त्यांचा आवाज जात होता. मशीनलाही ते ऐकू येत होतं, मार्चपासून. जूनमध्ये अंक सत्तावन्नवर आला होता. त्यांचा वर्ग काढून घेतील म्हणून मी आवाजातली सगळी घट हिशोबातून काढून टाकली. तो एक्क्याऐंशी मशीनचा नव्हता, माझा होता. आणि त्या दिवशी टेबलावर त्यांनी मला तुला सांगायला लावलं, तेव्हा मलाही ऐकू येत होतं."